लाळेरे

घरातील वस्तूंमध्येही माणसांप्रमाणेच मानाच्या पायऱ्या असतात. लग्नकार्यात नेसावयाची पैठणी पेटीच्या तळाशी, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. तिला हात लावण्यापूर्वी हात धुवावे लागतात. तिची घडी मोडण्याचा दिवस कितीतरी आधीपासून ठरलेला असतो. पितळेची घासूनपुसून लखलखीत केलेली भांडी फळीवर अशी मांडतात, की दारातून येणाऱ्याची दृष्टी प्रथम त्यांच्यावरच जावी. आणि त्याच घरात, मागल्या बाजूच्या दोरीवर, सदऱ्यांच्या आणि पंचांच्या रांगेच्या अगदी टोकाला, वीत-वीतभर लांबीचे चारसहा कापडी तुकडे वाऱ्यावर हलत असतात. पाहुण्यांना ते कोणी कौतुकाने दाखवीत नाही. उलट पाहुणे आले, की ते दोरीवरून लगबगीने काढून घेण्याकडेच घरच्यांचा कल असतो. त्या तुकड्यांचे नाव लाळेरे.

‘लाळ’ या शब्दापासून ‘लाळेरे’ हा शब्द झाला. नाव ऐकताच काम कळावे, इतके ते साधे नाव आहे. झबले, टोपरे, कुंची, दुपटे ही तान्ह्या मुलाच्या वस्त्रांची सारी मंडळी बारशाच्या दिवशी हौसेने मांडली जातात. कुंचीला जर लावतात, टोपऱ्याला गोंडे लावतात. लाळेऱ्याच्या वाट्याला असे कौतुक क्वचितच येते. कारण त्याचे कामच मुळी मळण्याचे! इतर वस्त्रे मळू नयेत म्हणून जे स्वतः मळते, त्याला कोण मिरवणार? तथापि दिवसातून चारपाच वेळा बदलले जाणारे, धुतले जाणारे आणि वाळून पुन्हा गळ्याशी येणारे हे वस्त्र जर घरात नसेल, तर बाकीच्या सगळ्या मंडळींची त्रेधा उडते.

मूल तीनचार महिन्यांचे झाले, की त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते. काही जण म्हणतात, दात येत आहेत. काही म्हणतात, बाळाला काहीतरी खावेसे वाटते आहे. खरे कारण असे, की या सुमारास तोंडातील लाळग्रंथी जोमाने काम करू लागतात. पण आलेली लाळ गिळावयाची असते, हे बाळाला अजून साधलेले नसते. मोठ्या माणसांच्या तोंडातही दिवसभर लाळ सुटतच असते. ती नकळत गिळली जाते, एवढाच काय तो फरक. पुढे सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात डोकावतो आणि तिसरे वर्ष संपेपर्यंत बहुधा सगळे २० दुधाचे दात येतात. दात येताना हिरड्या शिवशिवतात, हाताला येईल ती वस्तू तोंडात जाते आणि लाळ आणखी वाहते. याच सुमारास उष्टावण होते. मग लाळेच्या जोडीला वरणभात आणि पेजही अंगावर सांडू लागते.

ही लाळ काही वाईट नव्हे. अन्न मऊ करणे, त्याच्या पचनाला आरंभ करणे, तोंड स्वच्छ राखणे ही तिची कामे आहेत. परंतु ती हनुवटीवरून ओघळून गळ्याच्या वळीत साचली, की तेथील नाजूक कातडी सतत ओली राहते, लाल होते आणि चुरचुरते. झबल्याचा गळा भिजला, तर गार ओले कापड छातीला चिकटून बसते. बाळाला हे सारे सोसावे लागते. कारण त्याला ते सांगता येत नाही. भूक लागली तरी रडणे, पोट दुखले तरी रडणे आणि गळा चुरचुरला तरी रडणेच. लाळेरे शिवणाऱ्याची खरी अडचण येथेच सुरू होते. सदरा शिवणाऱ्या शिंप्याला गिऱ्हाईक सांगते, ‘येथे सैल करा, तेथे आखूड करा.’ लाळेऱ्याचे गिऱ्हाईक काहीच सांगत नाही. ते न सांगता जो ओळखील, त्यालाच चांगले लाळेरे शिवता येते.

पहिला प्रश्न कापडाचा. नाशिक जिल्ह्याला कापडाचे काय दुर्भिक्ष! येवल्याची पैठणी तर सर्वत्र गाजलेली. मालेगावात एके काळी हातमागांवर आणि पुढे यंत्रमागांवर रंगीत लुगडी विणली जात. ती खेड्यापाड्यांतील बाजारांत जात. खुद्द नाशिक शहरात सराफ बाजाराजवळच्या एका भागाला कापड पेठ असेच नाव आहे. गोदावरीच्या काठी भरणाऱ्या बुधवारच्या बाजारातही कापडाचे ढीग दिसतात. असे असूनही लाळेऱ्याचे उत्तम कापड यांपैकी कोठेही विकत मिळत नाही. ते घरातच असते. आजीचे नेसून नेसून मऊ झालेले सुती लुगडे, आजोबांचे विरत चाललेले धोतर, वडिलांचा जुना पंचा, हीच त्याची दुकाने.

यात काटकसर आहे, यात शंका नाही. पण ती केवळ काटकसर नव्हे. नव्या कापडाला खळ असते. त्यामुळे ते कडक राहते, दुकानात तकतकीत दिसते. पण पाणी चटकन शोषून घेत नाही. नव्या लाळेऱ्यावर पडलेली लाळ काही वेळ थेंबाथेंबाने वरच राहते आणि मग घसरून गळ्यात जाते. कापसाच्या तंतूला मात्र स्वभावतः पाण्याची ओढ असते. शेकडो वेळा धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते, सुताचा ताठरपणा गेलेला असतो, आणि ते ओलावा चटकन आत ओढून घेते. वर्षानुवर्षे गंगेच्या घाटावर—नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात—दगडावर आपटून धुतलेले लुगडे म्हणजे जणू बाळासाठीच तयार होत आलेले कापड. जे काम कारखान्याला एका दिवसात साधत नाही, ते पंधरावीस वर्षांच्या धुण्याने साधलेले असते.

ही समज केवळ महाराष्ट्राचीच आहे, असे नाही. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी करतात. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून, त्यांवर धावदोरा घालून कांथा शिवतात आणि तीत बाळाला गुंडाळतात. बिहारमधील सुजनीचा जन्मही नव्या बाळासाठी जुने कापड जोडण्याच्या चालीतूनच झाला. एकमेकींची भाषा न जाणणाऱ्या या बायकांनी आपापल्या घरी एकच गोष्ट ओळखली होती : जगात नव्याने आलेल्या जिवाला जगातील सर्वांत जुने, सर्वांत मऊ कापड द्यावे.

अशीच एक आजी जुन्या नाशकात, घाटाकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीतील वाड्यात राहत असे. तिची धाकटी नात चार महिन्यांची होती. बारशाच्या वेळी कोणीतरी हौसेने एक लाळेरे दिले होते. ते गुलाबी, तकतकीत होते आणि त्याला चोहोबाजूंनी जाळीची झालर होती. ते बांधले, की मुलगी बाहुलीसारखी दिसे. परंतु बांधून घटकाभर झाला, की ती कुरकुरू लागे. थोड्या वेळाने रडू लागे. कोणी म्हणाले, पोटात वारा धरला. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी आजीने मुलीला मांडीवर घेतले, लाळेऱ्याखाली हळूच बोट घातले आणि गळ्याची वळी उलगडून पाहिली. आत कातडी लालबुंद झाली होती. वरचे रेशमी कापड लाळ शोषीत नव्हते आणि ओल्या गळ्यावर जाळीची झालर घासत होती.

आजीने ते लाळेरे काढून ठेवले, कोमट पाण्याने गळा धुऊन मऊ फडक्याने टिपून कोरडा केला आणि पेटीतून आपले एक जुने निळे लुगडे काढले. सातव्या इयत्तेत शिकणारा तिचा नातू जवळच बसला होता. उन्हाळ्याची सुट्टी होती आणि त्याला काही उद्योग हवा होता. आजीने त्याच्या हाती कात्री दिली.

प्रथम जुन्या वर्तमानपत्राचा नमुना बेतला. नऊ इंच लांब आणि आठ इंच रुंद असा कागद घेऊन तो उभा दुमडला. दुमडीच्या वरच्या कोपऱ्यावर आमटीची लहान वाटी अशी उपडी ठेवली, की तिचा फक्त चौथा भाग कागदावर यावा. तेवढ्या भागाभोवती पेन्सिल फिरवली. हा झाला गळा. दुमडीच्या विरुद्ध बाजूच्या खालच्या कोपऱ्याशी तीच वाटी ठेवून तो कोपरा गोल केला. कागद कापून उलगडला, तेव्हा दोन्ही बाजू अगदी सारख्या निघाल्या. एका वाटीत गळाही झाला आणि कोपरेही झाले, हे पाहून नातवाला गंमत वाटली.

मग त्या नमुन्याबरहुकूम तीन तुकडे कापले. वरचा लुगड्याचा, मधला जुन्या पंचाचा आणि खालचा धोतराच्या घट्ट विणीच्या भागाचा. वरच्याने लाळ चटकन घ्यावी, मधल्याने ती साठवावी आणि खालच्याने ती झबल्यापर्यंत लवकर पोहोचू देऊ नये, अशी ही कामाची वाटणी. नातवाने मात्र तेवढ्यात शिवणाच्या डब्यातून जरीच्या काठाची एक पट्टी शोधून काढली होती.

“आजी, हिला हा जरीचा काठ लावू या. किती छान दिसेल!”

“कोणाला छान दिसेल?” आजीने सुईत दोरा ओवता ओवता विचारले.

“सगळ्यांना.”

“आणि जिच्या गळ्यात बांधायचे, तिला?”

“तिला कुठे काय कळते?”

आजी रागावली नाही. तिने ती जरीची पट्टी घेतली, पाण्यात भिजवली आणि नातवाच्याच गळ्याभोवती, सदऱ्याच्या आत, बांधली. “आता तुझे गोष्टींचे पुस्तक घेऊन अर्धा तास बैस,” ती म्हणाली. “मात्र दोन अटी आहेत. पट्टीला हात लावायचा नाही आणि कोणाला काही बोलायचे नाही.”

नातू हसत हसत पुस्तक घेऊन बसला. पहिली दोन पाने बरी गेली. मग तो मान वाकडी करू लागला. मग खांदे उडवू लागला. मग पुस्तकातील ओळीवरून त्याचे लक्ष उडाले आणि सारे ध्यान गळ्यापाशी गोळा झाले. अर्धा तास होण्यापूर्वीच तो उठला, आजीसमोर येऊन उभा राहिला आणि अट पाळावयाची म्हणून काही न बोलता नुसता तिच्याकडे पाहत राहिला. आजीने पट्टी सोडली.

“तू उठून माझ्यापर्यंत आलास,” ती म्हणाली. “तिला तेही येत नाही, बाळा.”

नातवाने जरीची पट्टी मुकाट्याने डब्यात ठेवली. पुढचे काम त्याने निराळ्याच लक्षाने केले. वरचा आणि खालचा तुकडा सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवला आणि पंचाचा तुकडा त्यांच्यावर बाहेरून घातला. गळ्याची बाजू मोकळी सोडून बाकीच्या कडेने, पाव इंच आत, हातटीप घातली. गोल कोपऱ्यांवर शिवणीला धक्का न लावता कात्रीने बारीक छेद दिले. मोकळ्या गळ्यातून सगळे उलटवले, तेव्हा पंचा आपोआप मध्ये गेला आणि शिवणीच्या कडाही आत लपल्या. आता बाहेरून कोठेही कडा टोचण्यासारखी राहिली नाही.

राहिला गळा. त्यासाठी आजीने लुगड्यातून उरेब पट्टी काढली, म्हणजे कापड सरळ न कापता तिरपे कापले. सरळ पट्टी गोल गळ्यावर चुण्या धरते. तिरपी पट्टी किंचित ताणली जाते आणि वळणाबरोबर वळते. ही पट्टी गळ्याला लावून दोन्ही टोकांना पुढे वाढविली, की तिचेच बंद होतात. पण नातवाने पाहिले, तो आजीने एक बंद आखूड ठेवला आणि दुसरा लांब.

“हे चुकले का, आजी?”

“मुद्दाम ठेवले. दोन्ही सारखे असले, तर गाठ बरोबर मानेच्या मागे येते. ती दिवसभर उताणी निजते ना? मग गाठ तिच्या मानेत रुतणार. एक आखूड असला, की गाठ बाजूला येते.”

गाठही सुरगाठच मारायची, म्हणजे एक टोक ओढताच ती सुटावी. निरगाठ मारायची नाही. गळ्याशी मोठ्या माणसाची दोन बोटे सहज आत जावीत, इतके ते सैल असावे. बंद विनाकारण लांब ठेवू नयेत. ते कशात अडकतात किंवा गळ्याभोवती गुंडाळले जातात. बटण शक्यतो लावूच नये, कारण बाळ ते चोखत बसते आणि सुटले तर गिळते. मिटणाऱ्या टोकाची पिन अमेरिकेतील वॉल्टर हंट यांनी १८४९ साली शोधून काढली आणि तिने असंख्य घरांतील अडचणी भागवल्या; पण बाळाच्या गळ्याशी तीही नको, कारण मिटलेली पिन केव्हा उघडेल याचा नेम नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, बाळ झोपले की लाळेरे सोडून ठेवावे. झोपेत ते तोंडावर आले, तर बाळाला ते हाताने दूर करता येत नाही.

त्या दिवशी एक लाळेरे आजीने शिवले आणि दुसरे नातवाने. नातवाच्या टाक्यांची रांग कोठे दाट, कोठे विरळ अशी गेली होती. तीनचार दिवस गळा वरचेवर कोरडा करण्याचे आणि लाळेरे भिजताच बदलण्याचे काम घरात कोणी ना कोणी करीत राहिले. लाली ओसरली नसती, तर डॉक्टरांकडे न्यावयाचे आजीने ठरवूनच ठेवले होते. पण ती ओसरली. मुलगी कुरकुरेनाशी झाली. नातवाचे वेडेवाकडे लाळेरे बांधूनही ती तितकीच शांत असे. कारण वेडेवाकडे टाके पाहणाऱ्याला दिसतात, बाळाला टोचत नाहीत.

सुई ही माणसाच्या अतिशय जुन्या हत्यारांपैकी एक आहे. सैबेरियातील एका गुहेत नेढे असलेल्या हाडाच्या सुया सापडल्या आहेत. त्या ४०,००० वर्षांहून जुन्या आहेत. तेव्हापासून माणसाने कातडी जोडली, कापड जोडले, जखमाही शिवल्या. असे असता शिवणकाम म्हणजे मुलींनी करावयाचे किरकोळ काम, अशी समजूत आपल्याकडे कशी पसरली, याचे नवल वाटते. बाजारात शिवणयंत्रावर बसलेला शिंपी पुरुष असतो. त्याच्या कसबाची कोणी थट्टा करीत नाही. तीच सुई घरातील मुलाच्या हाती दिसली, की मात्र लोक हसतात. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. हात काम करू लागले, की बुद्धीही जागी होते, असे त्यांचे मत होते. त्यात मुलगा आणि मुलगी हा भेद नव्हता.

या किरकोळ समजल्या गेलेल्या कामाने कित्येकांना आधारही दिला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. पुढे १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपले पहिले जाहीर भाषण केले, ते या नाशकातच. ज्या काळी स्त्रीने चारचौघांत तोंड उघडणे हाच अपराध समजला जाई, त्या काळची ही गोष्ट. याच रमाबाईंनी पुढे १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासह पुण्यात सेवासदन उभे केले. विधवा आणि निराधार स्त्रियांना तेथे लिहिणेवाचणे, रुग्णसेवा यांबरोबरच शिवणकामही शिकवले जाई. ज्यांना घरात कोणी विचारीत नव्हते, त्या स्त्रिया सुईदोऱ्याच्या बळावर चार पैसे मिळवू लागल्या आणि मान वर करून चालू लागल्या. आजही शिवणवर्गात आरंभी लहान मुलांचेच कपडे शिकवतात. याचे एक कारण, कापड थोडे लागते. दुसरे कारण असे, की लहान मुलाच्या कपड्यात आळस खपत नाही. मोठ्या माणसाच्या सदऱ्यातील बोचरी शिवण तो माणूस सोशील किंवा तक्रार करील. बाळाच्या कपड्यातील शिवण शिवणाऱ्यालाच ओळखावी लागते.

आता दुकानांत हरतऱ्हेची लाळेरी मिळतात. काहींना बंदांऐवजी दाबून चिकटवण्याची पट्टी असते. काही सिलिकॉनची असतात आणि त्यांना खाली खिशासारखा खोलगट भाग असतो. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मूल बसून वरणभात खाऊ लागले, की सांडलेले शीत त्या खिशात पडते आणि लाळेरे नळाखाली धरले, की झाले स्वच्छ; आईचा वेळ वाचतो. दिवसभर नोकरीवर जाणाऱ्या आईबापांना ती मोठी सोय आहे. तथापि सिलिकॉन लाळ शोषून घेऊ शकत नाही. ते काम आजही जुन्या सुती कापडाचेच आहे. विकत घ्यावयाचे असो वा घरी शिवावयाचे असो, कसोटी एकच. ते हातात घेऊन आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला किंवा स्वतःच्या गळ्याला घासून पाहावे. तेथे जे बोचेल, ते बाळालाही बोचेल.

लाळेऱ्याचे आयुष्य फार थोडे. मूल दीड-दोन वर्षांचे झाले, की लाळ गळणे थांबते. ते स्वतःच्या हाताने घास घेऊ लागते, मग हात झटकून ‘नको’ म्हणू लागते. ज्या दिवशी त्याला ‘नको’ म्हणता येते, त्या दिवशी लाळेऱ्याचे निम्मे काम संपले असे समजावे; कारण आता जे टोचेल, ते सांगणारा आवाज त्याला मिळालेला असतो. काही लाळेरी पाठच्या भावंडासाठी घडी करून ठेवली जातात. काही शेजारच्या घरी जातात. फारच विरलेली असतील, ती देव्हाऱ्यातील समई पुसण्याच्या कामी येतात. लुगडे होऊन ज्याने वीस वर्षे काढली आणि लाळेरे होऊन दोन, ते कापड तेथेही मऊपणाने आपले काम करीत राहते.

मोठे झालेल्या मुलाला यांतले काहीच आठवत नाही. आठवावे तरी कसे? शाळेतील पहिला दिवस आठवतो, पहिली सायकल आठवते. पण गळा कोरडा ठेवणाऱ्या त्या वीतभर कापडाची आठवण कोणाच्याही मनात उरत नाही. शिवणाऱ्यांनाही ती अपेक्षा नसते. पण आज शाळेच्या बाकावर बसलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या गळ्याशी एके काळी असे एखादे कापड होते, आणि ते दिवसातून कितीदा तरी कोणीतरी बदलले होते. त्या वेळी त्यांनी काही मागितले नव्हते. त्यांना मागताच येत नव्हते. तरीही कोणीतरी गाठ मानेच्या मागे न येता बाजूला येईल, एवढी काळजी घेतली होती.